साठ तासांचे नाना

आमचे वडील, म्हणजे नाना, यांना मेंदूचा झटका येऊन तीन वर्षं झाली होती आणि त्याबद्दल घरात कुणाचीही तक्रार नव्हती. चालणं-फिरणं दोन महिन्यांत परत आलं, उजवा हातही बऱ्यापैकी परत आला, फक्त बोलणं आलं नाही. नानांनी एकतीस वर्षं बसस्थानकावर उद्घोषकाची नोकरी केली होती. त्या सगळ्या शब्दसंपत्तीतून त्यांच्याकडे एकच वाक्य शिल्लक राहिलं होतं : "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं." पाणी हवं असलं तरी हेच, पंखा बंद करायचा असला तरी हेच, आणि आपण काही विचारलं तर उत्तरही हेच. सुरुवातीला आम्ही लक्ष दिलं. पण माणूस किती दिवस लक्ष देणार?

मी वजनमापे निरीक्षक आहे. दुकानदाराचा काटा तपासायचा, खरा निघाला तर शिक्का मारायचा, खोटा निघाला तर जप्त करायचा, हे माझं काम. त्यामुळे मोघम काही मला खपत नाही. नानांची व्यवस्था मी चोख ठेवली होती. मागच्या खोलीत खिडकीजवळ खुर्ची, हाताशी रेडिओ, वेळच्या वेळी जेवण. माझी थोरली बहीण, जिला मी ताई म्हणतो, तीही फोनवर नेमानं म्हणायची, "तुझ्याकडेच ठेव रे बाबा त्यांना, तुझ्यासारखं दुसऱ्या कुणाला जमायचं नाही." अशी माझी घरात आणि बाहेर कीर्ती होती.

मग आमच्या चिंगीनं बारावीनंतर संवाददोष या विषयात पदवी घ्यायचं ठरवलं. ज्यांना बोलता येत नाही, ऐकू येत नाही, शब्द सापडत नाहीत, त्यांना शिकवणारे लोक तयार करण्याचा हा अभ्यासक्रम. जागा बत्तीस आणि अर्ज चार हजार सहाशे. "दुसरं काहीतरी घे की," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि फॉर्म भरायला बसली. हट्टीपणात ती तिच्या आईवर गेली आहे.

फॉर्म बारा पानी होता, म्हणून आम्ही प्रवेश-सल्लागाराकडे गेलो. त्याचं ऑफिस एका लाँड्रीच्या वर होतं. जमिनीतून इस्त्रीची वाफ यायची आणि सल्ला ऐकता ऐकता माणसाच्या कपड्यांच्या घड्या मोडायच्या. त्यानं चिंगीचे ब्याण्णव टक्के पाहिले आणि कागद बाजूला सरकवला.

"मार्क काय, सगळ्यांकडेच असतात," तो म्हणाला. "माणूस आहे का?"

"कसला माणूस?"

"परिशिष्ट सात वाचलं नाहीत? अर्जदारानं संवाददोष असलेल्या व्यक्तीशी साठ तास प्रत्यक्ष संवाद साधलेला हवा. तारीखवार नोंदवही, त्या व्यक्तीचा अंगठा किंवा सही, आणि शेवटी घरी येऊन पडताळणी. माणसंच मिळत नाहीत हो! रुग्णालयात आता रुग्ण कमी आणि बघे जास्त. परवा एका तोतऱ्या मुलाभोवती सोळा अर्जदार वह्या घेऊन बसले होते. त्याचं तोतरेपण गेलं."

"अरे वा!"

"वा काय? आता तो बोलतच नाही."

मी जरा आवाज खाली घेतला. अशा गोष्टी माणूस चारचौघांत मोठ्यानं सांगत नाही. "आमच्याकडे वडील आहेत. झटका आला होता. तीन वर्षं झाली, बोलत नाहीत."

सल्लागार खुर्चीतून उठला. टेबलाला वळसा घालून आला आणि माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "अभिनंदन! अहो, आधी नाही का सांगायचं! लोक असा एक माणूस मिळावा म्हणून वणवण फिरतायत, आणि तुम्ही घरात घेऊन बसलाय!"

त्या संध्याकाळी मी नानांची खुर्ची मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत आणली. समोरच्या भिंतीवर आमच्या हिनं घड्याळ लावलं. चिंगीनं नवी नोंदवही उघडली, चित्रांचं पुस्तक समोर धरलं आणि म्हणाली, "नाना, हे काय आहे? कप. म्हणा, कप."

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं," नाना म्हणाले.

आठव्या तासाला ती माझ्याकडे धावत आली. "बाबा, नानांचं ते एक वाक्य नाहीच आहे! चार वाक्यं आहेत. पाणी हवं असलं की 'द्यावं' लांबवतात. कंटाळा आला की 'कृपया' गिळतात. तुम्हाला कधी लक्षात आलं होतं?"

"फॉर्ममध्ये चालीचा रकाना आहे का?"

"नाही."

"मग पुढचं बघ. बावन्न तास राहिलेत."

अशी गोष्ट लपून राहत नाही. चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या बाई मुलीला घेऊन आल्या. पाचव्या दिवशी आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून, दार लावून, वडिलांची तब्येत विचारली. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी माझ्या घरच्या कुणाची विचारपूस केलेली नव्हती, म्हणून मला भरून आलं. मग कळलं की त्यांचा पुतण्याही अर्ज करतोय. नाही म्हणायची सोय नव्हती. पंधरवड्यात नानांकडे अकरा अर्जदार झाले. दारावर वेळापत्रक लागलं. जिन्यावर मुलं वह्या उराशी धरून बसायची आणि एकमेकांना विचारायची, "तुझे किती झाले? माझे एकवीस." नाना जेवायला उठले की त्यांच्यात चुळबुळ व्हायची, कारण जेवणाची वेळ तासांत धरत नाहीत.

आणि मग ताई आली. बॅग घेऊन आली, पण बॅग रिकामी होती.

"नानांचे कपडे भर यात," ती म्हणाली. "मी त्यांना घेऊन जाते."

"ताई, अगं, तीन वर्षं तू म्हणत होतीस..."

"ते तेव्हा! वडील काय तुझ्या एकट्याचे आहेत? पोटच्या लेकीला बापाची सेवा करावीशी वाटली तर तू कोण अडवणारा?"

"तुझा मुलगा कुठे अर्ज करतोय?" आमच्या हिनं आतून विचारलं.

"त्याचा इथे काय संबंध?" ताई म्हणाली. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची जुनी सवय. मग थोड्या वेळानं म्हणाली, "तिथेच."

आधी आम्ही भावंडं नानांना कुणी ठेवायचं नाही यावरून भांडत होतो. आता कुणी ठेवायचं यावरून भांडलो. आवाज मात्र तेवढाच चढला. शेवटी ताईनं नेण्याचा हट्ट सोडला आणि भाच्यासाठी रोज सकाळी सात ते आठ ही वेळ पदरात पाडून घेतली. नाना हे सगळं ऐकत होते. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं," ते म्हणाले, आणि यातलं 'कृपया' गिळलेलं होतं हे त्या दिवशी मलासुद्धा कळलं.

यात एक तांत्रिक चूक झाली होती, ती कुणाच्याच ध्यानात आली नाही. बोलत नाही म्हणून निवडलेल्या माणसाशी रोज सात-आठ तास कुणी ना कुणी बोलत होतं. मुलं त्याला चित्रं दाखवत होती, शाळेतली भांडणं सांगत होती, उत्तराची वाट बघत होती. परिशिष्टात वाट बघणं सक्तीचं होतं. एवढा मारा दगडावर केला असता तरी तो बोलला असता.

चिंगीच्या त्रेचाळिसाव्या तासाला नानांनी कप तोंडाला लावला, खाली ठेवला आणि म्हणाले, "चहा गार आहे."

आमच्या हिच्या डोळ्यांत पाणी आलं. चिंगीनं नानांना मिठी मारली. मीसुद्धा आनंदलो, नाही असं नाही. साधारण चार सेकंद आनंदलो असेन. मग मी सल्लागाराला फोन केला.

"किती शब्द?" त्यानं विचारलं.

"तीन."

"सूर?"

"तक्रारीचा."

"अरेरे," तो म्हणाला. "म्हणजे बराच सुधारलाय. असं कसं होऊ दिलंत हो तुम्ही? पडताळणीच्या दिवशी त्या व्यक्तीचा संवादगुणांक चाळीसच्या खाली असावा लागतो. वर गेला की मागचे सगळे तास 'अवांतर गप्पा' या सदरात जातात. शून्य!"

"आता काय करायचं?"

"राहिलेले सतरा तास जमतील तेवढे न बोलता भरा."

मी घरात तसा नियम केला. नानांशी कामापुरतं, शक्यतो कंटाळवाणं बोलायचं आणि त्यांनी काही म्हटलं तर लक्ष द्यायचं नाही. या दुसऱ्या कलमाचा आम्हाला तीन वर्षांचा अनुभव होता, तरी ते जमेना. चिंगी तर ऐकायलाच तयार नव्हती.

"बाबा, मला हे शिकायचंय कशासाठी? माणसांना बोलतं करण्यासाठीच ना?"

"अगं, ते प्रवेश मिळाल्यावर! आत्ताच बोलतं केलंस तर प्रवेश कसा मिळेल?"

"मग नको मला."

"नको काय नको! चार हजार सहाशे अर्ज आहेत. तू नाही तर दुसरं कुणीतरी घेईल. आधी प्रवेश, मग नाना."

तिनं खोलीचं दार आतून लावून घेतलं. थोड्या वेळानं आतून दोघांच्या हसण्याचा आवाज आला. मी दाराशी उभा राहून वजनमापे खात्यातल्या माणसासारखा ते हसणं मोजत होतो. एक सांगतो, पोरीवर माझा जीव आहे. नोकरीला लागल्यापासून मी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, पण ही एक जागा तिला मिळावी म्हणून मी अडल्या हरीसारखा कुणाचेही पाय धरायला तयार होतो.

पडताळणीच्या दिवसापर्यंत नाना पार वाहते झाले होते. रेडिओवरच्या निवेदकाच्या चुका काढायचे, साहेबांच्या पुतण्याला "सरळ बस, पोक काढू नकोस" म्हणायचे. सकाळी मी त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसलो.

"नाना, अकरा वाजता पडताळणीच्या बाई येतायत. वीस मिनिटं तोंडातून ब्र काढायचा नाही. चिंगीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

नानांनी रेडिओ बंद केला. "तीन वर्षं गप्प होतो," ते सावकाश म्हणाले, "तेव्हा कुणी पडताळायला आलं नाही." मग माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाले, "पोरीसाठी ना? वीस मिनिटं काय, दिवसभर गप्प बसतो."

बाई बरोबर अकराला आल्या. गळ्यात स्टॉपवॉच, काखेत फाइल, चष्मा कपाळावर. हसणं-बिसणं नाही, चहा नको, पाणी नको. मला अशी माणसं आवडतात. त्यांनी नानांना कपाचं चित्र दाखवलं. नानांनी ते असं पाहिलं, की जन्मात कधी कप पाहिला नसावा. किल्ली दाखवली, कंगवा दाखवला. शेवटी बाईंनी विचारलं, "आजोबा, तुमचं नाव काय?" तेव्हा नाना अत्यंत व्याकूळ चेहरा करून म्हणाले, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं." दारात उभी असलेली ताई पदरानं डोळे पुसत होती. आनंदानं.

"गुणांक अकरा," बाईंनी लिहिलं. माझा जीव भांड्यात पडला. मी फाइल मिटण्याची वाट बघत होतो.

"आता क-तक्ता," बाई म्हणाल्या. "तुलनेसाठी. घरातल्या दोषमुक्त व्यक्तीनं या व्यक्तीशी तीन मिनिटं नेहमीसारखं बोलायचं. मुलगा कोण? तुम्ही? बसा समोर. रोज बोलता तसंच बोला."

"त्यात काय!" मी म्हणालो आणि बसलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाईंनी बटण दाबलं.

"नाना," मी म्हणालो, "जेवलात?"

नानांनी मान हलवली.

"गोळी घेतली?"

नानांनी मान हलवली.

"बरं," मी म्हणालो.

यानंतर मला काही सुचेना. मी खिडकीकडे पाहिलं. खिडकीवरून हवामान आठवलं. "आज गरम होतंय," मी म्हणालो. मग तेही संपलं. स्टॉपवॉच टिकटिकत होतं. पन्नास वर्षांची ओळख, आणि मला या माणसाला विचारण्यासारखा एक प्रश्न सापडत नव्हता. कपाळावरून घाम नाकावर आला. चिंगी माझ्याकडे बघत होती आणि मी कुणाकडेच बघत नव्हतो.

"बाई," नाना म्हणाले, "ते घड्याळ थांबवा. पोराला घाम फुटलाय."

ताईनं कपाळाला हात लावला. पण नाना आता थांबेनात.

"लहानपणी असा नव्हता हो हा. सुट्टीत बसस्थानकावर माझ्या केबिनमध्ये स्टुलावर बसायचा आणि दिवसभर डोकं खायचा. नाना, ही गाडी कुठं जाते? तिथे कोण राहतं? ते आपल्याकडे का येत नाहीत? एकदा माईक चालू राहिला आणि याचे प्रश्न सगळ्या स्थानकाला ऐकू गेले. लोक गाड्या सोडून हसत उभे होते. मग मोठा झाला, नोकरीला लागला आणि बोलणं मोजूनमापून करायला लागला. आतून चांगला आहे. रागावू नका त्याच्यावर."

बावन्नाव्या वर्षी, सरकारी कामाला आलेल्या बाईंसमोर, मला बापानं सांभाळून घेतलं. मला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं, कारण तो माईकचा किस्सा मी विसरलो होतो.

बाईंनी अकरा हा आकडा खोडला आणि ब्याऐंशी लिहिला. "नियमानुसार सर्व तास रद्द," त्या म्हणाल्या.

"असू दे," चिंगी म्हणाली. "नाना बोलले ना. पुढच्या वर्षी बघू."

पण बाईंचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. त्या क-तक्ता वाचत होत्या. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला.

"तीन मिनिटांत अठरा सेकंद," त्या म्हणाल्या. "हे किती वर्षांपासून?"

"काय?" मी विचारलं.

"तुम्हाला नाही विचारलं. ह्यांचं हे असं किती वर्षांपासून आहे?"

"आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली," आमच्या हिनं क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं. "त्याआधीचं मला माहीत नाही."

"म्हणजे जुनाट." बाईंनी बेरीज केली. "गुणांक एकोणीस. तीव्र. अर्जदाराचा या व्यक्तीशी सहवास?"

"जन्मापासून," चिंगी म्हणाली.

"रोजचा संवाद किती?"

चिंगीनं माझ्याकडे चोरून पाहिलं. "'किती मार्क पडले', 'मोबाईल ठेव', 'दार लावून घे'. अर्धं मिनिट असेल. रविवारी जरा जास्त."

"तेहेतीस सेकंद धरू. गुणिले तीनशे पासष्ट, गुणिले अठरा." बाईंनी कॅल्क्युलेटर माझ्यासमोर धरला. "साठ तास तेरा मिनिटं. परिशिष्ट सात पूर्ण. इथे सही करा."

मी आकडेमोड स्वतः तपासली. दोनदा तपासली. दुकानदाराच्या काट्यात मी आजवर इतका शुद्ध हिशेब पाहिलेला नाही. अठरा वर्षांत मी माझ्या मुलीशी बरोबर अडीच दिवस बोललो होतो. कागदावर छापलं होतं : 'मला संवाददोष असून त्याची मला जाणीव आहे.' मी सही केली. तेरा मिनिटं पुढच्या वर्षासाठी शिल्लक राहतील का, असं विचारलं. बाई नाही म्हणाल्या.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," आमची ही म्हणाली आणि बाईंसाठी चहा टाकायला गेली. या वेळी बाई नको म्हणाल्या नाहीत.

जाता जाता त्यांनी ताईचीही चाचणी घेतली. ताई तीन मिनिटं अखंड बोलली. मधे बाईंनी चार प्रश्न विचारले, ते तिला ऐकूच आले नाहीत. भाच्याचे साठ तास तो तीन वर्षांचा असतानाच भरले होते.

चिंगीला प्रवेश मिळाला. एकोणतिसाव्या क्रमांकावर, पण मिळाला. सध्या ती घरी आली की आधी नानांशी भांडते, मग माझ्यासमोर बसते आणि उत्तराची वाट बघते. मला घाम फुटतो, पण उत्तर निघतं. शिवाय पुढच्या वर्षीचे सात अर्जदार माझ्याकडे लागले आहेत, संध्याकाळी सहा ते आठ. मुलं गुणी आहेत. "आज ऑफिसात काय झालं, काका?" असं विचारतात आणि खरोखर थांबतात. परवा मी एका दुकानदाराच्या खोट्या काट्याची गोष्ट वीस मिनिटं सांगितली आणि नाना मधे मधे चुका काढत होते.

अडचण एवढीच की माझा गुणांक पस्तिसावर गेला आहे. चाळीस झाले की मी बाद. सल्लागार हवालदिल झालाय, नवी माणसं हवीत म्हणतो. मी त्याला म्हटलं, काळजी करू नका, माझ्या ओळखीत एक आहे.

तुम्ही हे वाचायला घेऊन साधारण दहा मिनिटं झाली. एवढ्यात घरातल्या कुणीतरी तुम्हाला काहीतरी विचारलं. तुम्ही मान वर न करता "हं" म्हणालात. 'हं' क-तक्त्यात धरत नाहीत, मी बाईंना विचारून घेतलंय. तेव्हा पत्ता तेवढा कळवा. मुलं वेळेवर येतील.